व्हिडिओ कॉन्फरन्सवर कामाच्या बैठका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयांना ऑनलाइन बैठकांची व्यवस्था लावून देणं आणि त्या नीट चालवायला मदत करणं, हे माझं काम. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिडिओ कॉन्फरन्स आणि साधा व्हिडिओ कॉल यांत फरक काय?

दोघा-तिघांच्या बोलण्याला कॉल पुरतो. कॉन्फरन्समध्ये माणसं जास्त असतात, म्हणून तिला एक यजमान लागतो. कोणाला आत घ्यायचं, कोणाचा माइक बंद करायचा, स्क्रीन कोणी दाखवायची, हे तो ठरवतो. सोबत चॅट, हात वर करायची खूण, छोट्या गटांत विभागणी अशा सोयी असतात.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने चित्र दाखवणारा फोन १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली. महिन्याचं भाडं १६० डॉलर होतं आणि समोरच्याकडेही तेच यंत्र असावं लागे, त्यामुळे ते चाललं नाही. पुढे इंटरनेट आणि लॅपटॉपमधले कॅमेरे आले आणि २०२० मध्ये नाइलाज झाला. झूम या सेवेवरच्या मीटिंगांमध्ये रोज भाग घेणाऱ्यांचा आकडा डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. एकाच माणसाने दिवसात तीन मीटिंगा केल्या तर तो त्यात तीनदा मोजला जातो, हे लक्षात ठेवूनही ती उडी प्रचंड आहे.

२. प्रवास वाचतो, याशिवाय खरा फायदा कोणता?

प्रवासाचा वेळ आणि खर्च वाचतो, हे खरंच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: ज्याला विषय माहीत आहे, तो माणूस नेमक्या दहा मिनिटांपुरता बैठकीत येऊ शकतो. प्रत्यक्ष बैठकीला साहेब जात आणि तपशिलाचा प्रश्न आला की "विचारून कळवतो" म्हणत. आता हिशेब ज्याने मांडला आहे, त्यालाच लिंक पाठवता येते. तो येतो, सांगतो आणि आपल्या कामाला परत जातो.

दुसरं म्हणजे कागद. लांबट टेबलाच्या टोकाला बसलेल्याला भिंतीवरचे आकडे दिसत नसत. स्क्रीन शेअर केल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच ओळ असते आणि चूक सापडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते.

आणि ज्यांना प्रवास जमत नाही त्यांचं काय? घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले, चालायला त्रास होणारे, किंवा ज्यांना कनिष्ठ म्हणून कोणी कधी बाहेरगावी पाठवलंच नाही, असे लोक आता चर्चेत असतात. हा फायदा कोणत्याच हिशेबात मांडला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

तोटाही याच सोयीतून येतो. बैठक घेणं इतकं सोपं झालं आहे की एका ओळीच्या ईमेलने झालं असतं, त्या कामासाठीही आठ जणांना बोलावलं जातं.

३. कोणत्या बैठका व्हिडिओवर घ्याव्यात आणि कोणत्या समोरासमोर?

मी एकच कसोटी लावतो: विषयाची मांडणी आधीच झाली आहे का? पर्याय लिहून तयार असतील आणि त्यातून निवड करायची असेल, तर व्हिडिओ उत्तम. आठवड्याचा आढावा, ठरलेल्या कामाची वाटणी, सॉफ्टवेअर दाखवून शिकवणं, मुलाखतीची पहिली फेरी, हे सगळं यात बसतं.

कोऱ्या कागदापासून काही सुचवायचं असेल तर गोष्ट वेगळी. 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत २०२२ मध्ये यावर एक अभ्यास आला. त्यात एका दूरसंचार कंपनीच्या पाच देशांतल्या जवळपास १,५०० अभियंत्यांच्या जोड्या केल्या होत्या. काही जोड्या एका खोलीत बसल्या, काही व्हिडिओवर. व्हिडिओवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. मात्र सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात त्या मागे पडल्या नाहीत. संशोधकांनी लावलेलं कारण साधं आहे. व्हिडिओवर नजर स्क्रीनला खिळते, आणि नजर भटकायची थांबली की विचारही एका चौकटीत अडकतो. खोलीत माणूस खिडकीकडे बघतो, टेबलावरच्या वस्तूकडे बघतो, आणि मधेच काहीतरी सुचतं.

म्हणून मी सुचवतो ते असं: कल्पना प्रत्येकाने एकट्याने, आधी लिहून आणाव्यात. निवड व्हिडिओवर करावी.

समोरासमोर राखून ठेवायच्या बैठका म्हणजे लांबच्या भागीदारीची पहिली भेट, बिघडलेले संबंध सांधायची बैठक, आणि जिथे मधल्या सुट्टीतलं बोलणं खऱ्या बोलण्याइतकंच महत्त्वाचं असतं अशा मोठ्या वाटाघाटी.

४. मग प्रत्यक्ष भेटी पूर्ण बंद केल्या तर चालेल का?

रोजचं काम चालेल, पण ओळखी आटतील. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२०च्या पहिल्या सहामाहीतल्या कामाचा अभ्यास झाला होता. सगळे घरून काम करू लागल्यावर आपापल्या गटातला संपर्क घट्ट झाला आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले, असं त्यात दिसलं. ऑनलाइन मीटिंग ठरवून होते, त्यामुळे ज्याच्याशी काम आहे तोच भेटतो. जिन्यात सहज भेटलेला दुसऱ्या विभागातला माणूस लिंकवर भेटत नाही. नवीन रुजू झालेल्यांना हे सगळ्यात जास्त जाणवतं. भेटी कमी करा, पण ज्या ठेवाल त्या नव्या माणसांसाठी आणि वेगवेगळ्या विभागांनी एकत्र येण्यासाठी ठेवा.

५. आमचं नेट भरपूर वेगाचं आहे, तरी आवाज तुटतो. का?

कारण जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. तुमचा आवाज आणि चेहरा अपलोडमधून जातो, आणि तो वेग बऱ्याच जोडण्यांमध्ये खूप कमी असतो. आधी तो तपासा.

वेग पुरेसा असूनही तुटत असेल तर अडचण वेगाची नसते, सातत्याची असते. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून ते पाठवले जातात. काही उशिरा पोचतात, काही वाटेतच गळतात. फाइल उतरवताना गळलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. बोलण्यात तेवढी सवड नसते, कारण पुन्हा मागवून तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून शब्द अर्धे ऐकू येतात.

बहुतेक वेळा दोष वायफायचा असतो. राउटर दोन भिंतींपलीकडे असतो, किंवा त्याच जोडणीवर दुसरं कोणीतरी मोठी फाइल चढवत असतं. लॅपटॉपला केबल लावून बघा. ते शक्य नसेल तर आपला व्हिडिओ बंद करा. बोलण्याला सेकंदाला १०० किलोबिटच्या आसपास पुरतात, तर एचडी चित्राला त्याच्या दहापट ते चाळीसपट लागतात. नेट अडलं की आधी चित्र सोडावं, आवाज धरून ठेवावा.

६. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे आहेत. कॅमेरा घ्यावा की माइक?

माइक. चेहरा धूसर दिसला तरी बैठक चालते, शब्द कळला नाही तर थांबते. लॅपटॉपचा आतला माइक तोंडापासून लांब असतो. त्याला किबोर्डची टकटक, पंखा आणि रिकाम्या भिंतींवरून परत येणारा आवाज हे सगळं सारखंच ऐकू येतं. तोंडाजवळ माइक असलेला वायरचा साधा हेडफोनही यातलं बरंच दूर करतो.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल एक सूचना. गाणी त्यावर सुंदर वाजतात, पण त्याचाच माइक वापरायला लागलं की बरेच हेडफोन कमी दर्जाच्या, टेलिफोनसारख्या आवाजावर जातात. "काल चांगला वाजत होता, आज डब्यातून बोलल्यासारखं येतंय" ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे! अशा वेळी ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला वेगळा माइक निवडा.

कॅमेऱ्यासाठी खर्च करण्याआधी उजेड समोरून घ्या. पाठीमागे खिडकी असेल तर महागडा कॅमेराही चेहरा काळाच दाखवतो.

७. एकतर सगळे एकदम बोलतात, नाहीतर कोणीच बोलत नाही. उपाय काय?

यात माणसांचा दोष फार कमी असतो. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत फारच थोडं अंतर असतं. दहा भाषांच्या एका अभ्यासात ते सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा निघालं. व्हिडिओवर आवाज पोचायलाच तेवढा वेळ जाऊ शकतो. संवाद सहज वाटावा म्हणून एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहातून जोडणी असेल तर नुसतं वर जाऊन खाली यायलाच जवळपास २४० मिलिसेकंद लागतात.

तुम्हाला शांतता ऐकू येते, तेव्हा दुसऱ्याने बोलायला सुरुवात केलेली असते. दोघे आपटतात, दोघे "बोला, बोला" म्हणतात आणि दोघेही गप्प होतात. याहून वाईट म्हणजे उशिराचा दोष माणसाला लागतो. आवाज १.२ सेकंद उशिरा पोचवून २०१४ मध्ये केलेल्या एका प्रयोगात लोकांना समोरचा माणूस कमी आपुलकीचा आणि कमी लक्ष देणारा वाटला. उशीर तारेचा होता, नाव त्याचं खराब झालं.

उपाय एकच: बोलण्याचा क्रम बैठक चालवणाऱ्याने हातात घ्यावा. "कोणाला काही म्हणायचंय?" असं मोघम विचारू नये, नाव घेऊन विचारावं. नाव घेतल्यावर मनात पाच आकडे मोजावेत, कारण म्यूट काढायला वेळ लागतो. शांतता म्हणजे संमती, असं व्हिडिओवर कधीही धरू नये.

८. दिवसभर खुर्चीतच तर बसतो, तरी व्हिडिओ मीटिंगांनी एवढं गळून का जायला होतं?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधकाने २०२१ मध्ये याची चार कारणं मांडली. चेहरे फार जवळून आणि सतत आपल्याकडेच बघत असतात. स्वतःचा चेहरा तासन्‌तास समोर असतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचं म्हणून अंग हलत नाही. आणि एरवी आपोआप कळणाऱ्या खुणा मुद्दाम द्याव्या आणि वाचाव्या लागतात, जसं की होकारासाठी मान जरा जास्तच हलवणं.

यातल्या दुसऱ्या कारणावर लगेच उपाय आहे. स्वतःची चौकट लपवण्याची सोय बहुतेक सेवांमध्ये असते. चौकट नीट बसली का एवढं सुरुवातीला बघा आणि ती लपवा. दोन मीटिंगांच्या मध्ये दहा मिनिटं सोडा आणि त्या वेळात उठून चाला. ईमेल उघडून बसलात तर ती विश्रांती नव्हे.

९. आमच्या साहेबांचा आग्रह आहे की कॅमेरा सगळ्यांनी चालू ठेवलाच पाहिजे. हे योग्य आहे का?

सरसकट सक्ती मला मान्य नाही. १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरा चालू असला की थकवा वाढतो, आणि तो स्त्रियांना व नव्याने रुजू झालेल्यांना जास्त जाणवतो, असं त्यात दिसलं. थकलेली माणसं बैठकीत बोलतही कमी होती. म्हणजे लक्ष राहावं म्हणून केलेली सक्ती उलटीच पडते.

पण कोऱ्या चौकटींशी बोलणाऱ्याचे हालही मी पाहिले आहेत. मधला रस्ता असा: ओळख करून घेताना, नाजूक विषयावर आणि स्वतः बोलताना कॅमेरा चालू ठेवावा. वीस जण आकडे ऐकत असतील तेव्हा बंद असला तरी चालतो. हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे बंद कॅमेऱ्याचा वेगळा अर्थ कोणी लावत नाही.

१०. निम्मे लोक एका खोलीत आणि निम्मे स्क्रीनवर, असं केलं तर?

सगळ्यात अवघड प्रकार हाच. एका बैठकीत सहा जण खोलीत होते आणि दोघी लांबून जोडलेल्या. खोलीत मध्यभागी एकच माइक होता. स्क्रीनवरच्या एका बाईंनी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा खोलीत कोणीतरी हसलं आणि त्यांचा शब्द बुडाला. दुसऱ्यांदा दोघे शेजारी शेजारी कुजबुजत होते. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला, पण मोठ्या पडद्याकडे कोणाची नजरच नव्हती. मग त्यांनी हात खाली घेतला आणि पुढची चाळीस मिनिटं त्या बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर कळलं की ज्या मुदतीवर एवढी चर्चा झाली, ती पाळणं शक्य नाही हे एकट्या त्यांनाच माहीत होतं. व्यवस्था मीच लावलेली होती. तेव्हापासून मी पुढचे नियम आग्रहाने पाळतो.

एक जण जरी लांबून असला तरी शक्य असल्यास प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून जोडून घ्यावं. खोलीतल्या एका लॅपटॉपचाच माइक आणि स्पीकर चालू ठेवावा, बाकीच्यांचे बंद. दोन चालू राहिले तर आवाज फिरून परत येतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. प्रत्येक मुद्द्यावर आधी स्क्रीनवरच्यांना विचारावं, मग खोलीतल्यांना. आणि खोलीतल्या एकाला पडद्यावर लक्ष ठेवायचं काम नेमून द्यावं. बैठक चालवणाऱ्याला ते जमत नाही.

११. रेकॉर्डिंग असेल तर इतिवृत्त लिहायची गरज आहे का?

आहे. तासाभराचं रेकॉर्डिंग पुन्हा बघायला तासच लागतो, म्हणून ते कोणी बघत नाही. काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, या तीन गोष्टी बैठक सुरू असतानाच सगळ्यांना दिसतील अशा लिहाव्यात.

रेकॉर्ड करायचंच असेल तर सुरुवातीला सांगून संमती घ्या. काही ठिकाणी एकाची संमती कायद्याला पुरते, काही ठिकाणी सगळ्यांची लागते. सहभागी वेगवेगळ्या देशांत असतील तर त्यांतला सगळ्यात कडक नियम पाळणं सुरक्षित. रेकॉर्डिंग सुरू झालं की माणसं जपून बोलतात, हेही ध्यानात ठेवा. शंका मोकळेपणाने यायला हव्या असतील तर ते बंदच बरं.

१२. गोपनीय विषय व्हिडिओवर बोलणं सुरक्षित आहे का?

बहुतेक सेवांत बोलणं वाटेत सांकेतिक रूपात जातं, पण सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर ते उलगडता येऊ शकतं. टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन चालू केलं तर तिथेही उलगडत नाही. मात्र मग क्लाउडवरचं रेकॉर्डिंग किंवा फोन लावून सामील होणं अशा काही सोयी सहसा बंद होतात. एक काहीतरी निवडावं लागतं.

माझ्या अनुभवात गळती होते ती साध्या जागांतून. दर आठवड्याला तीच लिंक वापरल्यामुळे मागच्या बैठकीतला माणूस या बैठकीत शिरतो. स्क्रीन शेअर करताना संदेशांची पट्टी वर येते. कोणाचं तरी टिपणं काढणारं एआय साधन सहभागी म्हणून बसलेलं असतं आणि सगळं बोलणं भलत्याच सर्व्हरवर जातं. प्रत्येक बैठकीला नवी लिंक ठेवा, वेटिंग रूम (यजमान आत घेईपर्यंत लोक थांबतात ती सोय) चालू ठेवा, पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त हवी ती खिडकी शेअर करा आणि यादीतलं प्रत्येक नाव वाचून बघा.

१३. स्क्रीनवर स्वतः वरिष्ठ दिसत होते आणि त्यांनीच पैसे पाठवायला सांगितलं. यावर विश्वास ठेवावा का?

नाही, दुसऱ्या वाटेने खात्री केल्याशिवाय मुळीच नाही. हाँगकाँगमध्ये २०२४च्या सुरुवातीला उघडकीस आलेल्या प्रकरणात एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने अशाच बैठकीनंतर १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. त्या बैठकीत त्याच्याखेरीज दिसणारे सगळे चेहरे बनावट होते. आधी त्याला ईमेलचा संशय आला होता, पण ओळखीचे चेहरे बघून तो गेला.

चेहरा आणि आवाज हा आता पुरावा राहिलेला नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. घाई आणि गुप्तता यांचा आग्रह एकत्र आला तर थांबाच.

१४. परदेशातल्या लोकांशी दर आठवड्याची वेळ ठरलेली आहे. तरी मार्चमध्ये अर्धे लोक तासभर उशिरा का आले?

काही देश उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात, काही करत नाहीत, आणि करणारेही एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, युरोपीय संघात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे त्यांच्यातलं अंतर तासाने बदलतं. शरद ऋतूत पुन्हा आठवडाभर तसंच होतं. आमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवा आणि वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधली आहे ते स्पष्ट लिहा.

वेळ सगळ्यांनाच गैरसोयीची असेल तर ती पाळीपाळीने फिरवा. दरवेळी एकाच गटाने रात्री जागायचं, हे अन्यायाचं आहे.

१५. मतदानाच्या ऐन वेळी एका सदस्याचं नेट गेलं. गणसंख्या धरायची का?

तुमच्या संस्थेची नियमावली आणि तुमच्याकडचा कायदा यांचंच उत्तर अंतिम. तिथे काही लिहिलेलं नसेल तर मी सावध मार्ग सुचवतो. बाहेर गेलेल्याला हजर धरू नका, गणसंख्या, म्हणजे ठरावासाठी लागणारी किमान हजेरी, पुन्हा मोजा, कमी पडत असेल तर ठराव थांबवा. कोण किती वाजता गेला आणि कधी परत आला, हे इतिवृत्तात नोंदवा. सदस्याचा फोन नंबर हाताशी असेल तर त्याला फोनवरून जोडून घेता येतं. असं मत चालेल का, हे मात्र बैठकीच्या आधी ठरवून ठेवा. निकाल अटीतटीचा असताना हा नियम ठरवायला बसलात तर वाद ठरलेला.

१६. कोणाला कामावरून कमी करायचं असेल, तर ते व्हिडिओवर सांगावं का?

प्रत्यक्ष भेटणं शक्य असेल तर भेटूनच सांगा. ते खरोखर अशक्य असेल तर व्हिडिओ चालेल, पण एकाच माणसाशी, रेकॉर्डिंग न करता, आणि त्याला विचारायला पुरेसा वेळ देऊन. पन्नास जणांना एका लिंकवर बोलावून, माइक बंद ठेवून अशी बातमी देऊ नये. स्क्रीन बंद झाली की तो माणूस खोलीत एकटा उरतो, शेजारच्या खुर्चीवर कोणी नसतं. म्हणून बोलणं संपल्यावर तासाभराने त्याला साधा फोन करा.

१७. ऐकू कमी येणाऱ्या सहकाऱ्याला व्हिडिओ मीटिंग त्रासदायक ठरते का?

बऱ्याचदा उलट होतं. चेहरा समोरून दिसतो, ओठ वाचता येतात आणि बोलणं खाली अक्षरांत उमटतं. मोठ्या खोलीत यातलं काहीच मिळत नाही. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याचा कॅमेरा चालू हवा (प्रश्न ९ मध्येही हेच सांगितलं आहे), तोंडावर उजेड हवा आणि एका वेळी एकानेच बोलायला हवं. आपोआप उमटणारी अक्षरं नावं आणि आकडे चुकवतात, म्हणून ते चॅटमध्ये टाइप करा.

१८. कधी कधी नुसता फोन बरा वाटतो. व्हिडिओ नको म्हटलं तर चुकेल का?

अजिबात नाही. दोघे एकमेकांना नीट ओळखत असतील, दाखवायचा कागद नसेल आणि विषय एकच असेल, तर फोनच चांगला. उठून चालता येतं, नजर मोकळी राहते (प्रश्न ३ आणि ८ आठवा) आणि कान पूर्ण बोलण्याकडे असतात. माझी बरीच अडलेली कामं अशा दहा मिनिटांच्या फोनवर सुटली आहेत. बोलणं झाल्यावर काय ठरलं, ते दोन ओळींत लिहून पाठवा.